पुजाच्या घरची झडती

८ नोव्हेंबर २००४

सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी दुधवाला, केबलवाला आणि शेजारच्या नर्मदाबाईंची मांजर, एवढ्या तिघांच्याच चोऱ्या पकडल्या. आज मात्र खरं काम चालून आलं. नांदेडच्या ट्रस्टच्या दवाखान्यातून डॉक्टर पल्लवी मॅडमचा फोन होता. त्या लहान मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टर. दवाखान्यातले मोठे उपचार संपले की मुलं गोळ्या घेऊन घरी येतात आणि पुढं दोन वर्षं त्या गोळ्या चालतात. अशा मुलांच्या घरी जाऊन लक्ष ठेवणारं कुणीतरी त्यांना हिंगोलीकडं हवं आहे. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणे. कुणी, ते विचारायला हवं होतं.

मॅडम फोनवर बराच वेळ एकाच गोष्टीवर बोलत होत्या. "सिस्टर, घरचे बाहेरचं औषध देतातच. झाडपाला, काढा, पुडी. त्यांना रागावू नका. गंडा बांधला, अंगारा लावला तर आपलं काही म्हणणं नाही. पोटात काय जातं ते मात्र आपल्याला कळायला हवं, आणि ते त्यांनी आपणहून सांगायला हवं."

मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, पोरगी तरुण आहे अजून. सगळी नोकरी वॉर्डात गेली माझी. आपणहून खरं सांगणारा नातेवाईक मला तरी भेटलेला नाही. पथ्यावरच्या पेशंटच्या उशीखालून मी भजी काढलेली आहेत.

पहिलं घर कनेरगाव नाक्याच्या वाटेवरच्या तांड्यावर आहे. पुजा रामसिंग राठोड, वय सात, रक्ताचा कॅन्सर.

१० नोव्हेंबर

तांड्यावर जाऊन आले. काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसावं लागलं, त्यामुळं पोचेपर्यंत डोकं फिरलं होतं.

पुजा गोड पोरगी आहे. डोक्यावर केस नाहीत, पाय काडीसारखे. दारातून ओट्यापर्यंत आली आणि दमून बसली. माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमी सुई आनली का?" नाही म्हटल्यावर हसली.

बाप रामसिंग टेम्पो चालवतो, हिंगोली ते वाशीम. बारावी झालेला, शर्ट खोचलेला, वागायला नीट. मी काही सांगितलं की "व्हय मॅडम, बराबर हाय" म्हणतो. गोळ्यांच्या वेळा त्यानं घडाघडा सांगितल्या, ताप आला तर थेट नांदेड हेही त्याला पाठ होतं. असा बाप असला की अर्धं काम होतं. आई शिला कमी बोलते.

आजी पारुबाई, म्हणजे रामसिंगची आई, हिच्याकडं बघूनच मी ओळखलं की घरात पाणी कुठं मुरतंय. हातभर बांगड्या, तोंडात तंबाखू, आणि नजर अशी की मीच काही चोरायला आलेय. मी विचारलं, घरात आणखी काही औषध देता का. ती सुनेशी गोरमाटीत काहीतरी बोलली. तांड्यावरची माणसं आपसात त्याच बोलीत बोलतात, ते मलाही माहीत आहे. पण नेमका माझा प्रश्न झाल्यावर का?

"काई देत न्हाई बाई," असं शेवटी मराठीत आलं. इतक्या लवकर 'काई न्हाई' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

माझा संशय खरा निघाला! आज सकाळी लवकर गेले, मुद्दाम न सांगता. पारुबाईच्या दारात माणसांची रांग. डोळे पिवळे झालेले, चेहरे उतरलेले. ही बाई काविळीचं औषध देते. दर गुरुवारी आणि रविवारी, उपाशी पोटी. सासूकडून आलेली विद्या म्हणे. पैसा घेत नाही आणि मुळीचं नाव कुणाला सांगत नाही, कारण नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो. मी तिला सरळ विचारलं, कसली मुळी आहे. ती म्हणाली, "सुनेलाबी सांगितलं न्हाई म्या, तुमाला कसं सांगू?"

ज्या घरात जगाला झाडपाला वाटला जातो तिथं घरच्या आजारी लेकराला काही मिळत नसेल? मला कुणी मूर्ख समजू नये.

रांग उठल्यावर मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि एकदाच काय ते सांगून टाकलं. मी म्हटलं, या घरात पुजाच्या पोटात दवाखान्याशिवाय दुसरं काही गेल्याचं मला कळलं, तर मी नांदेडला कळवीन आणि तिच्या फुकटच्या गोळ्या त्याच दिवशी बंद होतील. तसा काही नियम नाही. मॅडम तर असं स्वप्नातही करायच्या नाहीत. पण भीती बसल्याशिवाय माणूस पथ्य पाळत नाही, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

परिणाम लगेच दिसला. शिलानं पोरीला जवळ ओढलं. रामसिंगचा तर चेहराच पडला. बिचाऱ्याला आईच्या उद्योगाची लाज वाटली असणार. पारुबाई तेवढी ढिम्म. मग पदर झटकून उठली आणि आत गेली.

५ डिसेंबर, रविवार

आज ओटा रिकामा. नरसी नामदेवाहून एक बाई पिवळ्या पोराला घेऊन आली होती, तिला पारुबाईनं दारातूनच परत लावलं. "आता देत न्हाई मी," एवढंच म्हणाली. बाई रडली, विनवण्या केल्या, तरी नाही. मग पारुबाई भिंतीला टेकून बसून राहिली.

मला वाईट वाटलं का? थोडंसं. पण माझं काम पुजा आहे. आणि मनातलं खरं लिहायचं तर, दाराशी बंद केलेलं औषध घरात चालूच नसेल कशावरून?

मी हल्ली पुजाला जवळ घेते तेव्हा तिच्या तोंडाचा वास घेते. तिला वाटतं मी पापा घेतेय.

२३ डिसेंबर

पुजा खाऊ लागली! आज माझ्यासमोर दीड भाकरी आणि वर गूळ मागितला. गेल्या महिन्यात ओट्यापर्यंत येऊन दमणारी पोरगी आज शेळीच्या मागं पळत होती. गाल वर आलेत. शिला पहिल्यांदा हसताना दिसली.

बाहेरचा पाला बंद झाला की लेकरू कसं उभं राहतं, त्याचा हा नमुना. पारुबाईला मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं माझ्याकडं न बघता लेकाकडं बघितलं. रामसिंग चपलेनं मातीत रेघोट्या ओढत होता.

एक गोष्ट खटकली. फळीवर मधाची नवी बाटली दिसली. मी लगेच हातात घेतली, कारण पाल्याची पूड चाटवायची तर मधातच चाटवतात. वास घेतला, चव घेतली. नुसता मध. कुणी आणला विचारलं तर शिला म्हणाली, "त्यांनीच आनला, खोकल्याला." रामसिंगनं आणलेला म्हटल्यावर मी बाटली ठेवून दिली. तरी म्हातारीला बजावलं, की मधाला तुम्ही हात लावायचा नाही.

१२ जानेवारी २००५

मॅडमचा फोन. पुजाचं वजन वाढलं ऐकून खूश झाल्या. मग नेहमीचा प्रश्न. घरचे आणखी काय देतात, काही बोलले का? मी अभिमानानं सांगितलं, काहीच देत नाहीत, पूर्ण बंद आहे.

त्या म्हणाल्या, "सिस्टर, काहीच देत नाही असं घर मी अजून पाहिलं नाही. जिथं सांगतात तिथं मला कमी भीती वाटते."

आता काय बोलावं? चोर सापडला तरी वाईट, नाही सापडला तरी वाईट. माझ्या कामावर संशय घेणं मला आवडलेलं नाही. दुसऱ्यावर संशय घेणं ठीक आहे, ते कामाचा भाग असतं.

२ फेब्रुवारी

पुजाचा चेहरा आता चांगलाच गोल झालाय. दवाखान्यात असताना त्या सूज आणणाऱ्या गोळीनं, स्टिरॉइडनं, व्हायचा तसा. ती गोळी अजूनही महिन्यातून काही दिवस असतेच, तिचंच असेल. मी जास्त विचार केला नाही. पोरगी खातेय, खेळतेय, मला "सुईवाली आज्जी" म्हणून चिडवतेय. तिला मी चिमटा काढला तर खिदळत बापाच्या टेम्पोत जाऊन बसली.

टेम्पोच्या पुढच्या कप्प्यात तिचा हात गेला तसा रामसिंगनं पटकन कप्पा लावला. गाडीत गॅरेजची हत्यारं असतात, लेकराच्या हाताला लागतील. बापाचं किती बारीक लक्ष आहे! ते म्हातारीला असतं तर काय हवं होतं.

१५ फेब्रुवारी

आज तांड्यावर सेवालाल महाराजांच्या जयंतीचा भोग होता. तुपाचा वास, लापशीची पातेली, बाया लेंगीच्या सुरात गात होत्या. मला आग्रहानं बोलावलं होतं. मी विहारात जाणारी बाई, पण लापशीला काय जात आणि धर्म.

आणि तिथंच माझ्या डोळ्यांसमोर पारुबाईनं पुजाच्या तोंडात काहीतरी घातलं! मी गर्दीतून वाट काढत गेले आणि पोरीच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढलं. लापशीचा घास होता.

सगळी गाणी थांबली. पुजा रडायला लागली. पारुबाई एवढंच म्हणाली, "भोगाचा घास व्हता बाई." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ओशाळल्यासारखं झालं, हे मान्य करते. पण घरी येताना जीपमध्ये विचार केला. लापशीत काही मिसळलेलं नव्हतं कशावरून? एवढ्या लोकांसमोर करण्याची तिची हिंमत, म्हणजे घरात काय काय चालत असेल.

उद्या नको, परवा. गुरुवारी जाते आणि घर पालथं घालते.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

झडती घेतली आणि सापडलं.

मी कुणाचं ऐकलं नाही. उतरंडीतली मडकी उतरवली, गोधड्या झटकल्या, देवीच्या कोनाड्यापुढं मात्र थांबले, तिथं शिलाला हात घालायला लावला. शेवटी चुलीमागं फडक्यात बांधलेली पुरचुंडी निघाली. सुकलेल्या मुळ्या. मी ती सगळ्यांसमोर ओट्यावर ठेवली. पारुबाई म्हणाली, ती काविळीची मुळी आहे, सासूनं दिलेली शेवटची, फेकवली नाही म्हणून ठेवली. पुजाला कधी दिली नाही.

मी म्हटलं, "मग लपवली काहून?"

"तुमी आलात म्हनून," ती म्हणाली.

हा उद्धटपणा मला सहन झाला नाही. मी पुरचुंडी पिशवीत टाकली आणि रामसिंगला सांगितलं, यावेळी सोडते. यापुढं माती जरी सापडली तरी गोळ्या बंद, आणि पुढच्या वेळी मी टेम्पोसुद्धा सोडणार नाही, सगळं बघीन. तो पांढराफटक पडला. इतका सज्जन मुलगा आणि आईपायी त्याला मान खाली घालावी लागते.

जीपची वाट बघत रस्त्यावर उभी होते तेव्हा तो टेम्पोतून एक पत्र्याचा डबा काढून विहिरीकडं जाताना दिसला. इकडंतिकडं बघितलं आणि डबा विहिरीत टाकला. म्हातारीचा उरलेला साठा असणार, टेम्पोत लपवला असेल तिनं. मुलगा आईला बोलला नाही पण त्यानं गुपचूप साफसफाई केली. मला भरून आलं. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

२१ फेब्रुवारी

सकाळी रामसिंगचा फोन, नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून. आवाज ओळखू येईना. पुजा उलट्या करतेय, अंग तापलंय, उठून बसता येत नाही, हाक मारली तर नुसती बघते. मी विचारलं, कधीपासून. तो पुन्हा उलट्यांचंच सांगू लागला. मी ओरडले तेव्हा म्हणाला, परवापासून. मग फोन का नाही केलास? ताप आला की थेट नांदेड, हे तुला पाठ होतं ना?

"तुमी याल म्हनून," असं काहीतरी पुटपुटला. मला नीट ऐकू आलं नाही, का मला ऐकायचं नव्हतं कुणास ठाऊक.

हिंगोलीच्या डेपोपाशी मी टेम्पोत चढले. मागं गोधडीवर पारुबाईच्या मांडीवर पुजा. हात धरला तर गार. नाडी बोटांना लागेना. इतक्या वर्षांत असे हात मी अनेकदा धरलेत आणि त्यांतले बरेच पुन्हा गरम झाले नाहीत. मला रस्ताभर रडू येत होतं आणि ते मी रागात ढकलत होते. पारुबाईला मी पुन्हा पुन्हा विचारत होते, काय दिलं, खरं सांग, काय दिलं. ती पोरीचे तळपाय चोळत राहिली.

२२ फेब्रुवारी

हे सगळं नीट लिहून काढते. डोकं ताळ्यावर नाही.

काल दुपारी पुजाला आत घेतलं. सलाइन, जंतूंवरची औषधं, सगळं लगेच चालू झालं. संध्याकाळपर्यंत बीपी वर यायला हवं होतं, येईना. पल्लवी मॅडम आमच्या सगळ्यांसमोर बसल्या, खुर्ची ओढून, आवाज न चढवता. त्यांनी समजावून सांगितलं. बाजारात ताकदीच्या म्हणून पुड्या मिळतात, त्यात कधी कधी गुपचूप स्टिरॉइड घातलेलं असतं. लेकरू खायला लागतं, गाल भरतात, घरच्यांना बरं वाटतं. अशी पुडी रोज पोटात जात असेल तर शरीर स्वतःचं काम विसरतं. मग ती एकदम बंद झाली आणि त्यात ताप आला, तर लेकरू असं गार पडतं. तसं असेल तर त्यावरचं एक इंजेक्शन आत्ता द्यावं लागेल. तसं नसेल तर तेच इंजेक्शन अंगातल्या जंतूंना बळ देईल. "मला अंदाजानं द्यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "कुणी काय दिलं यावर मी रागावणार नाही. पोरगी वाचवायची आहे, एवढंच."

मी पारुबाईकडं वळले. म्हटलं, आता तरी बोल. तिनं मान हलवली. "म्या काई देलं न्हाई." मी म्हटलं, पुरचुंडी माझ्याकडं आहे. ती पुन्हा म्हणाली, "न्हाई." मी उभी राहिले, काय काय बोलले ते आता आठवत नाही. म्हातारी मार खाणाऱ्यासारखी खांदे आवळून बसली होती. शिला रडत होती. रामसिंग भिंतीकडं तोंड करून उभा होता.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही बाहेर बसा."

मी म्हटलं, मी गेले तर ही बाई कधीच सांगणार नाही.

"तुम्ही बाहेर बसा," त्या पुन्हा म्हणाल्या. "आजी, तुम्हीसुद्धा जाऊन बसा थोडं, दमला आहात."

दार लागलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी. मी एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला. मी धुमसत होते. ज्या एकटीला सगळं माहीत आहे तिलाच बाहेर काढलं, आता आत कोण काय सांगणार? उठून दार वाजवावं असं मनात येत होतं.

तेवढ्यात आतून आवाज यायला लागला. पुरुषाचा. आधी अडखळत, मग सलग, मग हुंदक्यात. शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हता. तीन-साडेतीन महिने माझ्यासमोर "व्हय मॅडम, बराबर हाय" याच्यापुढं न गेलेला रामसिंग आत बोलत होता.

टेम्पोचा कप्पा, मध, विहिरीतला डबा, सगळं एकदम समोर आलं. मी बघितलेलं होतं. प्रत्येक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितलेली होती.

मी पारुबाईला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

ती दाराकडं बघत म्हणाली, "मध चाटवायच्या चमच्याच्या वासावरून कळलं व्हतं."

"मग सांगितलं काहून नाही? मी तुम्हाला इतकं बोलत होते."

"तुमीच म्हनलं, गोळ्या बंद व्हतीन. म्हातारीवर डाऊट हाय तवर तुमी म्हातारीलाच बोलत व्हत्या, गोळ्या चालू ठेवल्या. बापाचं नाव निघलं असतं तर?" ती पदर सावरत म्हणाली. "म्हनून ऱ्हाऊ देलं. मला बोलून काय व्हतंय."

दार उघडलं, मॅडम जवळजवळ धावतच वॉर्डाकडं गेल्या. इंजेक्शन दिलं.

पहाटे बीपी वर आलं. पुजानं पाणी मागितलं.

२३ फेब्रुवारी

पुजा अजून अशक्त आहे. ताप उतरतोय. मॅडम म्हणतात, धोका टळला असं आणखी काही दिवस म्हणायचं नाही, पण चेहऱ्यावरून त्या जरा सैल झाल्यात.

रामसिंगनं त्यांना सगळं सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पोरीला चार पावलं टाकता येत नव्हती. नाक्यावरच्या ढाब्यावर एका माणसाकडं ताकदीची पुडी मिळते, दुसऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं. मी पहिल्यांदा गेले त्याच आठवड्यात त्यानं ती आणली होती आणि मला विचारायचं ठरवलं होतं. शर्ट खोचून तो त्यासाठीच थांबला होता म्हणे. पण पुढच्या फेरीत मी गोळ्या बंद करण्याचं बोलले. तोवर पोरगी दोन घास खायला लागली होती. पुडी बंद करवेना आणि सांगताही येईना. गुरुवारी मी टेम्पो बघीन म्हटलं, तेव्हा टाकून दिली.

मी मॅडमना गोळ्या बंद करण्याच्या धमकीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं बोलतील. "ओट्यावरची रांग तुम्ही बंद केलीत, तेही सांगितलं आजींनी," एवढंच म्हणाल्या. ती पुरचुंडी माझ्याच पिशवीत होती. मी पारुबाईला परत दिली. तिनं घेतली, कमरेला खोचली. मला क्षमा केली का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२४ फेब्रुवारी

नांदेडात माझ्या भावाची सून आहे. तिच्याकडून डबा करून घेतला, पिठलं आणि भाकरी. या माणसांनी तीन दिवसांत धड खाल्लेलं नाही. काल रात्रभर एकच ठरवत होते, की आज गेल्यावर रामसिंगला काही विचारायचं नाही. नुसतं जेवलास का म्हणायचं.

वॉर्डाच्या दारातून आत शिरले. पुजा उशीला टेकून बसली होती, शिला तिला पेज पाजत होती. मला बघून पुजानं हात वर केला. मी पुढं गेले.

खिडकीपाशी रामसिंग उभा होता. मी दिसले तसा तो ताठ झाला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला. मग पँटचा एक खिसा बाहेर काढला, मग दुसरा. सगळे रिकामे. दोन्ही हातांत कापडाची टोकं धरून तो माझ्याकडं बघत होता.

"काई न्हाई मॅडम," तो म्हणाला. "काई न्हाई देलं."